चित्र अडलं की दुसरं माध्यम हातात का घ्यावं?

चांगलं चित्र काढणाऱ्यांची एक तक्रार बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. हात बसलेला असतो, रंग हवा तिथे हवा तसा लागतो, बघणारे कौतुक करतात, आणि तरी चित्रकार म्हणतो, "काम अडलंय." कोऱ्या कागदासमोर बसून काहीच न सुचणं आपण समजू शकतो. इथे मात्र सुचतं, जमतं, चित्र पूर्णही होतं. फक्त प्रत्येक नवं चित्र मागच्याचं जुळं भावंड निघतं. तेच आकाश, तीच झाडं, चेहऱ्यावर त्याच बाजूने पडलेला उजेड.

अशा वेळी जुनेजाणते हमखास एक सल्ला देतात. रंग काही दिवस बाजूला ठेव, माती घे. लिनो काप, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापे घे. जे तुला येत नाही असं काहीतरी कर. ऐकणारा आणखीच गोंधळतो. जे येतं त्यातच अडलोय, तर जे येत नाही ते करून सुटका कशी होणार?

माझ्या मते सल्ला बरोबर आहे, पण तो बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो. कोणतंही नवं माध्यम घेऊन भागत नाही. तुमचा हात जो निर्णय तुम्हाला न विचारता घ्यायला लागलाय, नेमका तोच जिथे घेता येणार नाही असं माध्यम शोधावं लागतं.

आधी 'माध्यम' म्हणजे काय ते ठरवून घेऊ. रंगद्रव्य किंवा साहित्य, ते लावायचं वा कापायचं हत्यार, आणि ज्यावर काम करायचं तो पृष्ठभाग, हे तिन्ही मिळून माध्यम होतं. म्हणून कागद तोच ठेवून टोकदार पेन्सिलीऐवजी कोळशाची जाड कांडी घेतली, तरी माध्यम बदललं.

अडतं नेमकं काय?

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. दुसऱ्यात हालचाली एकमेकींना जोडल्या जातात, चुका कमी होतात. तिसऱ्यात काम आपोआप होऊ लागतं, त्याकडे लक्ष द्यावं लागत नाही.

आपण सगळे या तिसऱ्या टप्प्यासाठीच सराव करतो. ब्रशमध्ये पाणी किती घ्यायचं याचा दरवेळी विचार करावा लागला, तर चित्र कधी काढणार? अडचण अशी की हात फक्त पाण्याचं प्रमाण शिकत नाही. झाड कसं काढायचं, सावलीला कोणता रंग द्यायचा, रिकामी जागा कुठे सोडायची, हेही तो पाठ करून टाकतो. पायाखालची वाट असली की माणूस वाटेकडे बघत नाही, पाय आपसूक वळतात, तसंच हे. झाड समोर असतं, पण कागदावर उतरतं ते हाताला पाठ असलेलं झाड.

म्हणजे चित्र अडतं तेव्हा कल्पना संपलेल्या असतातच असं नाही. कल्पना हातापर्यंत पोचायच्या आत हाताने उत्तर देऊन टाकलेलं असतं.

हे फक्त चित्रकारांचं होतं का?

नाही, आणि ते किती खोलवर जातं हे दाखवणारा एक जुना प्रयोग आहे. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लचिन्स यांनी १९४२ साली तो प्रसिद्ध केला. तीन भांडी आहेत. त्यांत अनुक्रमे २१, १२७ आणि ३ मापं पाणी मावतं. यातून नेमकं १०० मापं पाणी मोजून द्यायचं. उत्तर असं: मधलं भांडं भरा, त्यातून पहिलं भांडं भरून काढा, मग तिसरं दोनदा. १२७ मधून २१ गेले, मग ३ आणि ३ गेले, उरले १००.

याच युक्तीने सुटणारी आणखी काही कोडी लोकांना दिली गेली. मग भांडी आली २३, ४९ आणि ३ मापांची, आणि हवं होतं २० माप पाणी. बहुतेकांनी तीच लांबलचक रीत वापरली: ४९ मधून २३, मग ३, मग ३. वास्तविक २३ मधून एकदा ३ काढले की काम संपतं. ज्यांनी आधीची कोडी सोडवलेली नव्हती त्यांना हा सोपा मार्ग सहज दिसला. आणि पुढे जेव्हा २८, ७६ आणि ३ मापांच्या भांड्यांतून २५ मापं मागितली, जिथे जुनी रीत लागूच पडत नाही, तिथे सरावलेल्यांपैकी कितीतरी जण अडकून पडले. २८ मधून ३ काढायचे होते, एवढंच.

यावर कोणी म्हणेल, ही नवख्यांची गोष्ट झाली, जाणकार माणूस सावध असतो. तर २००८ साली मानसशास्त्रज्ञ मेरिम बिलालिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसलेल्या बुद्धिबळपटूंवर केलेला प्रयोग बघण्यासारखा आहे. पटावरची मांडणी अशी होती की त्यात मात करण्याचा एक ओळखीचा मार्ग होता, आणि एक त्याहून छोटा पण कमी ओळखीचा. ओळखीचा मार्ग दिसल्यावर खेळाडूंना आणखी चांगला मार्ग शोधायला सांगितलं. आम्ही शोधतोय, असं ते म्हणत होते आणि खरंच तसं मानतही होते. पण त्यांची नजर कुठे फिरते हे टिपणारं यंत्र वेगळंच सांगत होतं. डोळे पुन्हा पुन्हा पहिल्या उत्तराच्याच घरांवर जात होते.

मला हा प्रयोग चित्रकारांसाठी फार मोलाचा वाटतो. "आता काहीतरी वेगळं काढायचं" असा निश्चय करून जुनाच ब्रश हातात घेणाऱ्याचं नेमकं हेच होत असतं. निश्चय प्रामाणिक असतो, पण नजर जुन्याच घरांवर असते.

माध्यम बदलल्याने काय बदलतं?

निर्णयांचा क्रम बदलतो. पुढचं सगळं यावरच उभं आहे, म्हणून जरा सविस्तर बघू.

जलरंगात रंगद्रव्य बाभळीच्या कुळातल्या झाडाच्या डिंकात बांधलेलं असतं. रंग पारदर्शक, आणि पांढरा म्हणजे कागदच. त्यामुळे सर्वांत उजळ जागा कुठे राहणार हे पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, देण्याआधी ठरवावं लागतं. फिक्यापासून गडदाकडे जायचं. झाकलेला उजेड परत मिळवणं कठीण.

तैलरंगात नेमकं उलट करता येतं. गडदातून सुरुवात करून शेवटी दाट पांढऱ्याने उजेड वर ठेवता येतो. शिवाय तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होतं, त्याला दिवसच्या दिवस लागतात. म्हणून काल लावलेला रंग आज हलवता येतो, खरवडता येतो. जलरंगात सुरुवातीलाच घ्यावा लागणारा निर्णय इथे शेवटपर्यंत लांबवता येतो. ॲक्रिलिकमधलं पाणी मिनिटांत उडून जातं आणि मागे प्लॅस्टिकसारखा थर राहतो. तिथे रंग एकमेकांत विरघळवत बसायला वेळच मिळत नाही.

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून घेतलेला छापा. इथे तर हाताची समजच पालटते. जे कोराल ते पांढरं राहतं, जे सोडाल त्यावर शाई लागते. कागदावर पेन्सिल फिरवली की काळं वाढतं, इथे हत्यार फिरवलं की काळं कमी होतं. वरून छाप उलटी उमटते, आरशात दिसावी तशी. ज्याच्या चित्रातली माणसं नेहमी उजवीकडे बघतात, त्याला आपली ही सवय पहिल्यांदा लिनोच्या छाप्यातच दिसण्याची शक्यता आहे.

मातीत रेघ नावाची गोष्टच नाही. चेहऱ्याची कड म्हणून आपण कागदावर जी रेघ ओढतो, ती मातीत शोधायला गेलात तर सापडत नाही. पृष्ठभाग वळत वळत मागे जातो. समोरून बरोबर दिसणारं नाक बाजूने बघितलं की चपटं निघतं. आणि मातीला तिचं स्वतःचं वेळापत्रक असतं. फार ओली असताना ती बसते, थोडी सुकून चामड्याइतकी घट्ट झाली की कोरता येते, पूर्ण सुकली की हात लावताच तुटते. तुमच्या सोयीने ती थांबत नाही.

या प्रत्येक ठिकाणी हाताला पाठ असलेलं उत्तर निरुपयोगी होतं. मग समोरच्या वस्तूकडे परत बघण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. नव्या माध्यमाचा फायदा मुख्यतः हाच आहे: ते बघायला भाग पाडतं.

मातिसची कात्री

आंरी मातिस हा फ्रेंच चित्रकार १९४१ साली कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचला. त्यानंतर उभं राहून कॅनव्हाससमोर काम करणं त्याला जड जाऊ लागलं, बराच काळ अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत जायचा. त्याने कात्री हातात घेतली. मदतनीस कागदांना अपारदर्शक जलरंगांनी सपाट रंगवून द्यायचे, तो त्यातून आकार कापायचा, आणि ते टाचण्यांनी भिंतीवर लावून, हलवून, पुन्हा लावून रचना ठरवली जायची. १९४७ साली 'जॅझ' हा त्याचा वीस चित्रांचा संच या पद्धतीतून आला, १९५२ सालच्या निळ्या नग्नाकृतीही याच पद्धतीच्या.

ही कथा बहुतेक वेळा आजारावर मात केल्याची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातली तांत्रिक बाजू जास्त महत्त्वाची वाटते. रंगचित्रात आधी आकाराची कड येते आणि मग तिच्या आत रंग भरला जातो, किंवा आधी रंग येतो आणि मग कड सावरली जाते. रेघ आणि रंग यांची ओढाताण मातिसला आयुष्यभर छळत होती. कात्रीने रंगीत कागद कापताना रेघ आणि रंग एकाच हालचालीत तयार होतात. जो प्रश्न ब्रशने सुटत नव्हता, तो कात्रीत उरलाच नाही.

आणखी एक गोष्ट. कात्री त्याला अचानक सापडलेली नव्हती. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला नृत्याच्या एका मोठ्या भित्तिचित्राची रचना ठरवताना त्याने रंगीत कागदाचे तुकडे टाचून बघितले होते. तेव्हा ते नुसतं तयारीचं साधन होतं. त्यामुळे नवं माध्यम कुठून आणायचं असा प्रश्न पडला, तर आधी आपल्याच तयारीच्या कामात बघावं. कच्चे आराखडे, रंग तपासायचे कागदाचे कपटे, फोनवर काढलेले फोटो. यातलं काही मुख्य काम होऊ शकतं.

मग मी कोणतं घ्यावं?

इथे प्रामाणिक निदान लागतं. अलीकडची आपली पाच-सहा चित्रं शेजारी शेजारी मांडा आणि त्या सगळ्यांत न ठरवता आलेली सारखी गोष्ट शोधा.

चित्र बारीकसारीक तपशिलांनी गच्च भरत असेल, तर कोळशाची जाड कांडी आणि मोठा कागद घ्या. पापण्यांचे केस काढायची सोयच तिथे नसते. सगळं रेघेवर उभं असेल, तर कागद फाडून चिकटवा. कात्रीसुद्धा नको, कारण कात्रीने पुन्हा नीटस कड मिळते.

खोडायची आणि सुधारत बसायची सवय असेल, तर ब्रश आणि काळी शाई. टॅबलेटवर काम करणाऱ्यांना मी हेच आधी सुचवेन. मागे जाण्याचं बटण हे सोयीचं साधन आहे, पण त्यामुळे प्रत्येक रेघ तात्पुरती होते. काही काळाने माणूस रेघ ओढायच्या आधी बघणं सोडून, ओढल्यावर बघायला लागतो. याच्या उलट, ज्याचं सगळं काम झपाट्याचं, एका दमात मारलेल्या फटकाऱ्यांचं आहे, त्याने लिनो घ्यावा. तिथे घाई केली तर हवा असलेला भाग कोरला जातो आणि परत येत नाही.

फोटो समोर ठेवूनच चित्र काढणाऱ्यांसाठी माती. फोटोला मागची बाजू नसते, मातीला असते.

आणि रेखाटनाचाच कंटाळा आला असेल तर सायनोटाइप करून बघा. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली ही छायाचित्रणाची रीत. लोहाच्या क्षारांचं द्रावण कागदावर लावायचं, सुकलं की त्यावर पानं, दोरे, जाळी ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. ऊन लागलेला भाग गडद निळा होतो, झाकलेला पांढरा राहतो. ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून सागरी शैवालांची चित्रं याच पद्धतीने काढून प्रसिद्ध केली. आकार काढायचं काम ऊन करतं. तुमच्याकडे फक्त काय कुठे ठेवायचं एवढा निर्णय उरतो. रचनेत अडलेल्या माणसासाठी याहून थेट व्यायाम मला माहीत नाही.

हा मूळ कामापासून पळ नाही का?

असू शकतो. ही शंका मी गंभीरपणे घेतो, कारण नवीन साहित्य विकत घेण्यात काम केल्याचा आनंद मिळतो आणि तो फसवा असतो. ब्रश कपाटात गेले, मग मातीही गेली, आता काचेवर चित्रं; असं फिरत राहणं हीसुद्धा एक पाठ झालेली वाट होते.

यावर माझा एकच आग्रह आहे: माध्यम बदला, विषय बदलू नका. ज्या झाडापाशी जलरंगात अडलात तेच झाड लिनोत कापा. दोन्ही एकदम बदललं तर काय नवं मिळालं ते कळत नाही. विषय तोच ठेवला की फरक लगेच दिसतो: अरे, या झाडाच्या फांद्यांमधल्या मोकळ्या जागांना इतके ठसठशीत आकार आहेत, आणि आपण आजवर फक्त फांद्याच काढत आलो.

पण काम वाईट होईल त्याचं काय?

वाईट होईलच. हात पहिल्या टप्प्यावर परत जातो, डोळा मात्र जाणकाराचा राहतो, आणि या दोघांतलं अंतर फार टोचतं. नवशिक्याला आपली चूक दिसत नसते, तुम्हाला ती दहा पावलांवरून दिसते. म्हणूनच अनुभवी लोक नवख्यांपेक्षा लवकर सोडून देतात.

त्यासाठी दोन साध्या गोष्टी. पहिली बैठक हत्याराची ओळख करून घेण्यात जाते, तिच्याकडून चित्राची अपेक्षा ठेवू नये. आणि हे काम कुणाला दाखवू नये. दाखवायचं म्हटलं की आपण ते चांगलं दिसावं म्हणून जुन्या युक्त्या नव्या माध्यमात ओढून आणतो. कोळशाने पेन्सिलीसारखं बारीक काम करू लागतो, मग सगळा खटाटोप वाया.

औपचारिक शिक्षण किंवा वय यांची अडचण मात्र मनातून काढून टाका. रवींद्रनाथ ठाकूर यांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. १९२४च्या सुमारास 'पूरबी' या आपल्या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी जोडत जोडत त्यांनी आकार काढले, त्यातून चित्रं आली. त्यांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसमध्ये १९३० साली भरलं तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते, आणि पुढे त्यांच्या चित्रांची संख्या दोन हजारांवर गेली.

हाताला दुखापत होणार नाही एवढी काळजी मात्र घ्या. लिनो थोडा गरम केला की मऊ होतो आणि हत्यार घसरत नाही. धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवा. सुकलेल्या मातीची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. तिच्यातली सिलिका फुप्फुसांना घातक असते. तैलरंग पातळ करायला टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवा.

कधी उपयोग होत नाही?

माणूस थकलेला असेल तेव्हा. थकव्याला विश्रांती लागते, नवं हत्यार त्यात भरच घालतं. फक्त चित्रच नव्हे तर सगळ्याच गोष्टींतली गोडी गेली असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांशी बोलावं. त्याला सर्जनशीलतेची अडचण म्हणत बसू नये. आणि काम ठरलेल्या दिवशी द्यायचं असेल, तर त्या आठवड्यात प्रयोग करू नका. हाताला पाठ असलेलं तिथेच उपयोगी पडतं.

परत कधी यायचं?

नव्या माध्यमातही हाताला पाठ झालेल्या वाटा सापडायला लागल्या, की. लिनोत पानं दाखवायची एक खूण बसली आणि तीच दर पानाला यायला लागली, म्हणजे बघणं पुन्हा थांबलं. तोवर मात्र टिकून राहावं.

परत येताना जुनं माध्यम आणि नवं, दोन्ही एकाच कागदावरही आणता येतात. एदगार देगा या फ्रेंच चित्रकाराने १८७०च्या दशकाच्या मध्यापासून मोनोटाइप केले. धातूच्या पत्र्यावर शाई पसरायची, चिंधीने आणि बोटांनी ती पुसत उजेड काढायचा, आणि कागद दाबून छाप घ्यायची. चांगली छाप एकच मिळते. तो त्याच पत्र्यावरून दुसरी, फिकट छाप घ्यायचा आणि तिच्यावर पेस्टलने, म्हणजे रंगीत खडूंनी, काम करायचा. पेस्टल त्याच्या ओळखीचं होतं, पण आता ते कोऱ्या कागदावर सुरू होत नव्हतं. गडद-उजळाची मांडणी आधीच झालेली असायची, तीही अंधारातून उजेड पुसून काढत केलेली, आणि रंगाला तिच्याशी जुळवून घ्यावं लागायचं.

तुम्हालाही हे करता येईल. लिनोची एखादी फसलेली, पुसट छाप फेकू नका. ती सुकू द्या आणि तिच्यावर तुमच्या नेहमीच्या रंगांनी काम सुरू करा. लिनोची शाई तेलातली असेल तर जलरंग शाईच्या भागावरून ओघळून जाईल आणि फक्त मोकळ्या कागदावर बसेल. रंग कुठे लागणार हे अर्धं त्या छापेनेच ठरवलेलं असेल.